शिव्या देत नेलेला कोंबडा

आमच्या शेजारचे आबा दर वर्षी कापणी झाली की देवचाराला कोंबडा द्यायला निघत, ते त्या देवचारालाच शिव्या देत. देवचार म्हणजे आमच्या गावच्या वेशीवरचा राखणदार. त्याला उपाशी ठेवलं तर तो माणसांना वाट चुकवतो. घरापासून चढणीवरच्या सड्यापर्यंत, म्हणजे देवचाराचा दगड आहे त्या कातळमाळापर्यंत, आबा त्याचा उद्धार करत. दगडापुढे पोचले की मात्र हात जोडून असं गोड गाऱ्हाणं घालत, की ऐकणाऱ्याला हसू यावं.

माझा मुलगा सुधीर मालवाहू बोटीवर होता. परमुलखातल्या एका हुकूमशहाने ती बोट माणसांसकट धरून ठेवली. आपल्या सरकारने लढाऊ जहाजं पाठवली नाहीत. मंत्री गेला, त्या माणसाच्या गळ्यात हार घातला, हसून फोटो काढले. बाजारात सगळे म्हणाले, सरकारने शेपूट घातलं. फोटो बघून मीही तेच म्हणाले.

आबा पडवीत तंबाखू मळत होते. "बाँब व्हयो तुका? तो पडतलो खंय? बोटीर. आणि बोटीर कोण आसा?"

मी फोटोचा पेपर घडी घालून ठेवला.

"देवचाराक कोंबो मायेन देतंव काय गो? पोरां घराक येवक व्हयी म्हणान देतंव. सरकाराचां तसांच."

"आणि फुडल्या वर्सा तेना दोन मागल्यान तर?" मी विचारलं.

"मागतलोच. पण तुझो झील ह्या वर्साच्या बोटीर आसा."

सुधीर आला. वाळून काठी झालेला, पण आला.

पुढच्या वर्षी त्याच हुकूमशहाने दुसरी बोट धरली. तिच्यावर आबांचा एकुलता एक मुलगा मोहन होता. चहाच्या टपरीवर एकाने टोचलं, "काय आबा, आता हार कोण घेवन जातलो?"

"मंत्र्याक वेळ नसलो तर मी जातंय," आबा म्हणाले. "दारात अबोली आसा."

मंत्री पुन्हा गेला. हार घातला. या वेळी हुकूमशहाने बरंच काही मागितलं आणि बोलणी लांबतच गेली. आबा पडवीत बसून वाट बघता बघता तिथेच वारले. मोहन अजून तिकडेच आहे.

खरं आबांचं की बाजाराचं, मला ठरवता येत नाही. माझा मुलगा त्या हारामुळे सुटला, आणि त्यांचा कदाचित त्याच हारामुळे अडकला.

आता कोंबडा मी नेते. बायका जात नाहीत तिथे, पण मला अडवायला कोणी येत नाही. शिव्या मला आबांपेक्षा चांगल्या येतात. गोड बोलणं मात्र जमत नाही. म्हणून दगडापुढे नुसतं मोहनचं नाव सांगते, आणि चढणीवरून कोणी येतंय का ते बघत थोडा वेळ उभी राहते.