उभ्याने न खाण्याचा नेम

युतच्या दीक्षेची गोष्ट घरात निघाली, आणि पहिला विषय निघाला तो त्याच्या आईच्या गुडघ्यांचा.

युत हा लमाईचा थोरला. बँकॉककडे गाड्यांच्या कारखान्यात कामाला होता. आमच्या फेचबुरीत मुलगा लग्नाआधी एक वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, तरी भिक्षूचं चीवर घालून विहारात काढतो. मुलाच्या पिवळ्या वस्त्राचा काठ धरून आई स्वर्गाला जाते, असं आम्ही मानतो. दीक्षेच्या दिवशी ढोल वाजवत मंदिराला तीन प्रदक्षिणा घालायच्या. बापाच्या हातात भिक्षापात्र, आणि आईच्या दोन्ही हातांवर घडी घातलेलं ते चीवर. ज्या आईने ते उचललं नाही तिला लोक पुढे कितीतरी वर्षं विचारतात, "का गं, आजारी होतीस का?"

लमाई आजारी नव्हती, वजनदार होती. कालव्याकाठी तिचं भात-आमटीचं दुकान होतं. पहाटे चुली पेटायच्या, उजाडेपर्यंत पातेली ओळीने मांडून व्हायची आणि दुपार व्हायच्या आत सगळी रिकामी. बसायला मिळायचं ते घरी गेल्यावर, आणि एकदा बसली की उठणं हा मोठा कार्यक्रम असायचा.

"लमाई, तू आपली गाडीत बस," नुआनताई म्हणाली. नुआनताई म्हणजे लमाईची थोरली नणंद. वेळूच्या काठीसारखी सडसडीत आणि तितकीच लागणारी. "चीवर मी घेते. बाजारातून घरी येताना तू चार ओट्यांवर टेकतेस. प्रदक्षिणा काय घालणार तू?"

"ताई, मुलगा माझा आहे."

"मुलगा तुझाच गं. गुडघेपण तुझेच आहेत ना?"

रात्री बुद्धमूर्तीपुढे उदबत्ती लावताना लमाई पुटपुटली, "स्वर्गाचं नंतर बघू. आधी तीन फेऱ्यांचं बघ."

दुसऱ्या दिवशी ती आरोग्य केंद्रात गेली. तिथली नर्स वांदी गुडघा दाबून बघत म्हणाली, "सात-आठ किलो उतरवा मावशी. दीक्षेला वेळ आहे अजून. गोळ्यांनी दुखणं थांबेल, पण भार तोच राहील."

"मी खातेच किती हो! चिमणीएवढं."

"सगळ्या हेच सांगतात," वांदी म्हणाली. "मीसुद्धा घरी हेच सांगते."

घरी धाकट्या लेकीने, दाओने, लगेच कंबर कसली. तिच्या फोनमध्ये खाल्लेलं भरलं की कॅलरीचा हिशेब यायचा.

"आई, दुपारी काय खाल्लंस?"

"भात. थोडा."

"थोडा म्हणजे किती?"

"थोडा म्हणजे थोडा. तुझ्या फोनला थोडं कळत नाही का?"

दाओने ताटली भरून दाखवायला लावली, फोटो काढले, रोजचं सगळं इमानेइतबारे भरलं. फोन म्हणाला, या बाईने आतापर्यंत बारीक व्हायला हवं. वजनाचा काटा जागचा हलला नाही.

"फोन खोटं बोलत नाही," दाओ म्हणाली.

"मग काटा बोलतो का?"

"तोही बोलत नाही. मग आई, उरलं कोण?"

लमाईला राग आला. तिला खरंच वाटत होतं की आपण काही लपवत नाही.

मग तिने आपल्या ओळखीची वाट धरली. उपोसथाच्या दिवशी, म्हणजे पौर्णिमा-अमावास्या-अष्टमीला, पांढरी वस्त्रं नेसून आम्ही बायका विहारात जातो, आठ शीलं घेतो, आणि त्या दिवशी माध्यान्हीनंतर अन्न घेत नाही. विहारातल्या भिक्षूंना, भंतेंना, तर तो रोजचाच नेम. लमाईने ठरवलं, आपणही रोज पाळायचा. पुण्यही मिळेल आणि पोटही उतरेल. दुपारनंतर तिने अन्नाचा कण घेतला नाही. शेजारणी हात जोडू लागल्या.

नेमात पेय मात्र चालतं. विहारात दुपारी फळांचा गोड रस असतोच. तिचा नवरा सनान ताडाच्या झाडांवर चढायचा, नीरा उतरवून गूळ करायचा. संध्याकाळी तो ताज्या नीरेने भरलेलं बांबूचं नळकांडं आणायचा आणि बायको उपाशी म्हणून मायेने जरा जास्तच ओतायचा. तहान फार लागली की कोपऱ्यावरचा केशरी चहा, डब्यातलं घट्ट दूध घातलेला. भूक लागली की पी, असं चाललं होतं.

आरोग्य केंद्रात काट्यावर उभी राहिली तर दोन किलो वर.

"दुपारनंतर काय घेता?" वांदीने विचारलं.

"काही नाही. शपथ आहे. नुसतं पाणी."

"साधं पाणी?"

"म्हणजे... नीरेचं."

वांदी इतकी हसली की तिला चष्मा काढून पुसावा लागला. "अहो मावशी, भंतेंचंही हेच होतं. त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या मीच पोचवते ना विहारात! चावा नाहीतर प्या, पोटाला नेम कळत नाही. त्याला फक्त काय आलं ते कळतं."

लमाईचा चेहरा उतरला. वजनापेक्षा तिला हे लागलं, की शील घेऊन आपण त्यात फट शोधली. वांदीच्या ते लक्षात आलं असावं. हसू आवरून ती म्हणाली, "उद्या एक करा. दाओचा फोन नको, नेम नको. तुमच्या तोंडात जेवढं जाईल तेवढंच आणखी एका वाडग्यात टाकत जा. बाकी काही बदलू नका."

दुसऱ्या पहाटे लमाईने चुलीशेजारी वाडगा ठेवला. ताडफळांच्या आमटीचं मीठ बघितलं, एक चमचा वाडग्यात. हिरव्या आमटीत नारळाचं दूध घातलं, पुन्हा बघितलं, पुन्हा एक चमचा. मासे तळताना शेपटी मोडली, ती तोंडात, म्हणून दुसरी वाडग्यात. मोकेंग म्हणजे आमच्याकडचा अंड्याचा भाजलेला गोड खरवसच म्हणा ना. त्याचे तुकडे पाडताना कडा उरतात, त्या काय टाकायच्या? गिऱ्हाईक "मावशी, तिखट आहे का?" विचारतं, तेव्हा चाखूनच सांगायचं. भात संपला की पातेल्याच्या बुडाशी चिकटलेला खरडून खायचा, कारण तो फेकला तर भातमाता रुसते.

दुपारी सनान आला तेव्हा वाडग्याला शीग लागली होती.

"हे कुणासाठी काढून ठेवलंस? दोन माणसांचं दिसतंय."

"एका बाईचं आहे," लमाई म्हणाली. "आणि ती अजून जेवायची आहे."

सनानने वाडग्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि शहाण्या नवऱ्यासारखा कोंबड्यांना पाणी घालायला निघून गेला.

म्हणजे फोन खरा होता, काटाही खरा होता. लमाई ताटलीतलं सांगत होती, आणि खात होती ते उभ्याने. उभ्याने खाल्लेलं तिला खाणं वाटतच नव्हतं, ते तिच्या लेखी काम होतं.

पण स्वयंपाकिणीने चाखायचं नाही तर दुकान कसं चालवायचं? हा विचार डोक्यात घेऊनच ती पहाटे भंतेंच्या दानाचं पातेलं ढवळत होती, आणि ढवळता ढवळता तिचा हात थांबला. दानाचं अन्न तिने आयुष्यात कधी चाखलं नव्हतं. त्यांच्या पात्रात पडायच्या आधी आपली जीभ लावायची नाही, ही तिच्या आईची शिकवण. ते पातेलं ती वासावर आणि हाताच्या अंदाजावर करायची.

"ऐका ना," ती सनानला म्हणाली. "हे पातेलं मी कधी चाखत नाही, आणि एकाही भंतेंनी आजवर तक्रार केली नाही!"

"करतील कशी? मिळेल ते निमूट खायचं असतं त्यांना."

लमाईची हवाच गेली. आता खात्री तरी कशी करायची? चव कळणारी आणि खोटं न बोलणारी जीभ हवी. सनानला सगळंच गोड लागायचं, दाओला तिखट सोसायचं नाही. एकच जीभ उरली.

संध्याकाळी ती नुआनताईच्या ओट्यावर जाऊन टेकली. "ताई, मी या घरात आले त्या दिवसापासून तुम्ही माझ्या स्वयंपाकात खोट काढताय. आता रोज पहाटे येऊन काढा."

"कशाला?"

"मला चाखायचं नाहीये. चीवर उचलायचंय."

नुआनताई म्हणाली, "आमटीत माशाचं खारट पाणी तू नेहमी जास्त घालतेस, हे लग्नापासून सांगतेय मी. आता ऐकशील?"

"ऐकीन."

"मग येते."

अशी नुआनताई कामाला लागली. पहाटे चुलीशेजारच्या स्टुलावर बसून ती चमचा पुढे करायची. "आंबट कमी. गूळ जास्त. हे काय, भंतेंसाठी आहे का बैलांसाठी?" सुरुवातीला एकदोन दिवस आमटी बिघडलीही. मग लमाईचा हात बसला. "मावशी, हल्ली चव सुधारलीय," असं गिऱ्हाईकं म्हणू लागली, तेव्हा नुआनताई नुसती छताकडे बघायची.

लमाईने स्वतःपुरता एक नेम केला. उभ्याने तोंडात काही घालायचं नाही. दुकान आवरलं की माध्यान्हीच्या आत खुर्चीवर बसून एक ताटली, हवं ते, अगदी नारळाच्या दुधातलंसुद्धा. संध्याकाळी सनानबरोबर मिरचीची चटणी, उकडलेल्या भाज्या, मासा आणि मूठभर भात. नीरा फक्त उपोसथाला, छोटा पेला. खरवडलेला भात विहाराच्या घाटावर माशांना. भातमाता रुसू नये म्हणून ती माशांना सांगायची, "नीट खा रे, टाकू नका." फोनमधला हिशेब मात्र तिने दाओला चालू ठेवू दिला. आता ती खरं सांगत होती, त्यामुळे त्याचं आणि काट्याचं पटायला लागलं होतं.

सगळ्यात अवघड होते ते येणारेजाणारे. आमच्याकडे भेटलं की पहिला प्रश्न "जेवलीस का?" आणि हातात काहीतरी गोड. नाही म्हणणं म्हणजे माणसाला दारातून घालवणं. लमाई म्हणायची, "ठेव ना, बसले की खाते." माणूस खूश व्हायचा. आणि बसेपर्यंत ते खायची इच्छा बहुतेक वेळा उरायची नाही.

एकदा मात्र भाचीच्या लग्नात ती मोकेंगचं अख्खं ताट घेऊन व्यवस्थित खुर्चीवर बसली आणि ते संपवून उठली.

"आई!" दाओ ओरडली.

"बसले होते की नाही?"

"अगं, पुन्हा फट?"

लमाई तोंडावर हात ठेवून हसत सुटली. त्या दिवशी नेमात आणखी भर पडली, "ताटलीत एकदाच वाढलेलं." दुसऱ्या दिवशी ती उपाशीही राहिली नाही आणि रडलीही नाही. नेहमीसारखी एक ताटली जेवली.

दीक्षेच्या आठवड्यात वांदीने काटा पाहिला. पाच किलोच्या आसपास उतरले होते. "सात म्हणाले होते मी," ती म्हणाली. मग गुडघा दाबून पाहिला. "चाला. पण घाई करू नका. ढोलवाल्यांच्या नादी लागू नका."

दीक्षेच्या दिवशी ऊन सणसणीत होतं. युत मुंडन करून पांढऱ्या वस्त्रात उभा होता, आणि त्याच्या खांद्याइतका उंच ढोल दोघांनी पालखीसारखा धरला होता. नुआनताईचं रेशमी नेसणं कमरेला बसेना, शेवटी दाओने पिन लावली. "चाखून चाखून ही वेळ आली," नुआनताई लमाईकडे बघून कुरकुरली. "तुझं उतरलं ते कुठे गेलं, ते मला विचार."

लमाईने दोन्ही हातांवर चीवर घेतलं. पहिली फेरी कशी झाली ते तिला कळलंही नाही. लोक नाचत होते, टाळ्या पिटत होते. दुसऱ्या फेरीत डावा गुडघा बोलू लागला. नुआनताई छत्री घेऊन शेजारी आली.

"दे इकडे."

"नको."

"अगं, मिरवायला नाही मागत. पडशील म्हणून मागतेय."

"पडले तर मला धरा, ताई. चीवर नका धरू."

नुआनताईने छत्री तिच्या डोक्यावर धरली आणि पुढे बघून ओरडली, "ए ढोलवाल्यांनो! रेड्यांची शर्यत लागलीय का? हळू वाजवा!" ढोल हळू झाला, नाचणारे हळू झाले, आणि तिसरी फेरी सगळ्या मिरवणुकीने लमाईच्या चालीने घातली.

मंदिरात युतने आईच्या पायांशी तीनदा माथा टेकला आणि तिच्या हातांवरून चीवर घेतलं. लमाईचे हात एकदम रिकामे झाले. पुढचे विधी झाले, पाली मंत्र झाले, आणि युत पिवळ्या वस्त्रात परत आला. आता मुलगा नव्हता, भंते होता. आता वाकायची पाळी तिची.

तिने खाली जाताना फरशीला हात टेकला, गुडघे टेकले, आणि तीनदा माथा टेकवला. तिसऱ्यांदा जरा जास्तच वेळ. काय मागितलं ते तिने कुणाला सांगितलं नाही.

उठायची वेळ आली तेव्हा युतचा हात आपसूक पुढे आला. लहानपणापासून तोच तिला पाटावरून उठवायचा. हात अर्ध्यावर आला आणि थांबला. भिक्षूने बाईला शिवायचं नाही, ती आई असली तरी. त्याने हात चीवराच्या आत ओढून घेतला आणि खाली बघत राहिला. सनान पुढे सरकला. लमाईने नको म्हणून मान हलवली.

तिने उजवा पाय पुढे घेतला, तळवा मांडीवर रोवला, एक श्वास घेतला, आणि उठली. एका दमात नाही, मध्ये जरा डुलली, पण उठली. मग हात जोडून लेकासमोर उभी राहिली.

"भंते," ती म्हणाली. या नावाने ती त्याला पहिल्यांदाच हाक मारत होती. "उद्या सकाळी भिक्षेला आमच्या दुकानावरून या."