खुर्चीने माणूस खूश होत नाही

आमच्या मिलमधल्या बायकांना प्रेरणा कमी पडते, हा शोध धाकट्या शेठनी लावला, बाहेरून मॅनेजमेंट शिकून आल्यावर. तोवर आम्हाला वाटायचं की खुर्च्या कमी पडतात. अडाणीच आम्ही.

काम साड्या तपासायचं. मिल सचिन नावाच्या गुजराती गावात, आम्ही राहायला जवळच उधन्याला. टेबलावरून साडी सरकवत न्यायची, डाग, तुटलेला धागा, हललेली छपाई शोधायची आणि दिसली की तिथे चिकटपट्टी लावायची. सगळं उभ्याने. सकाळी उभं राहिलं की जेवणाच्या सुट्टीत बूड टेकायचं, मग पुन्हा संध्याकाळपर्यंत उभं. बसलं की झोप येते, असं सुपरवायझरचं ठाम मत. तो स्वतः दिवसभर खुर्चीत असायचा, तेव्हा अनुभवाने बोलत असणार.

माझ्या शेजारच्या टेबलावर आक्का. नात्याची नाही, पण आमच्याच धुळ्याकडची, आणि मला हे काम तिनेच शिकवलं. तिचे दोन्ही गुडघे गेले होते. डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं, बसून काम करा, नाहीतर काम सोडा. काम सोडून चालणार नव्हतं, कारण घरात कमावणारी ती एकटीच. म्हणून तिने एक स्टूल मागितलं. तीनदा मागितलं. "एका बेनला दिलं की सगळ्या बेन मागणार," सुपरवायझर म्हणाला. यात मात्र तो खोटं बोलला नाही. आम्ही सगळ्या मागणारच होतो.

स्टूल आलं नाही, ट्रेनिंग आलं. तेही रविवारी, आमच्या हक्काच्या सुट्टीला, कामाचा खोळंबा नको म्हणून. आवारात मांडव घातला, धाकटे शेठ आणि सुपरवायझर पुढे बसले आणि त्या उकाड्यात कोट घालून एक सर आले. ते हिंदीत बोलणार आणि वयस्कर बायकांसाठी मी ते आपल्या भाषेत सांगणार, असं ठरलं, कारण अख्ख्या मिलमध्ये माझ्याइतकं तोंड कुणाचंच चालत नाही. मला तेव्हा त्याचा मोठा अभिमान होता.

सरांनी फळ्यावर त्रिकोण काढला. तळाला भूक, तहान, विश्रांती. वर मानसन्मान. आणि अगदी टोकाला स्वतःचा विकास. पायरी पायरीने चढत जायचं म्हणे. पायऱ्या म्हटल्यावर आक्काने गुडघ्यावर हात ठेवला. मग दुसरी थिअरी. पंखा, पाणी, संडास, खुर्ची या गोष्टींनी माणूस खूश होत नाही, फक्त त्याची नाराजी जाते. खरा हुरूप येतो तो कौतुकाने आणि जबाबदारीने. मी हे सगळं सांगितलं, तशी आक्काने हात वर केला.

"त्यासले सांग," ती मला म्हणाली, "मनी नुसती नाराजी काढी टाका. खूश मी घर जाईसन व्हसू."

मी जसंच्या तसं हिंदीत सांगितलं. बायका खो खो हसल्या. सरही हसले, वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि म्हणाले, बेनची सोच फार पॉझिटिव्ह आहे. मी कपाळावर हात मारला.

त्यानंतर खेळ. कोणता, तर संगीत खुर्ची! ज्या बायका आठवडाभर बसायला तरसतात त्यांच्यापुढे मांडववाल्याच्या लाल खुर्च्या मांडायच्या, गाणं लावायचं, एकेक खुर्ची काढून घ्यायची आणि त्याला टीमवर्क म्हणायचं. एवढं डोकं चालवायला माणसाला खरंच बाहेर जाऊन शिकावं लागतं.

पहिल्या फेरीत गाणं थांबलं, आक्का बसली. गाणं पुन्हा सुरू झालं, ती उठली नाही.

"बेन, उठो," सर म्हणाले.

"मी उठाव नई," आक्का म्हणाली, चांगली मोठ्याने.

उठायला निघालेली तिच्या शेजारची बाई पुन्हा बसली. मग तिच्या पलीकडची. मग मी. जिला खुर्ची मिळाली नव्हती तिने काढून ठेवलेली खुर्ची ओढून आणली आणि तीही बसली. गाणं वाजतंय आणि आम्ही सगळ्या मांडीवर हात ठेवून बसलोय. देवाशपथ सांगते, इतका आनंद मला त्या मिलमध्ये कधी झाला नव्हता. आक्का म्हणाली, शेठला सांग, या खुर्च्या इथेच राहू द्या, आम्ही बसून तितकंच काम करून दाखवू. मी सांगितलं. धाकटे शेठ काही वाईट माणूस नव्हेत. ते गोंधळले, डोकं खाजवलं, म्हणाले, "बघूया, विचार करूया." म्हणजे होत आलं होतं.

तेवढ्यात सुपरवायझर पुढे आला. आक्काकडे गेलाच नाही, माझ्यासमोर उभा राहिला. हळू आवाजात म्हणाला, "तू समजदार आहेस. या सगळ्यांत तुलाच कळतं. चाल, ऊठ."

आणि मी उठले. ना धमकी, ना शिवी. समजदार म्हणाला आणि मी उठले! कौतुकाने माणूस हलतो ही सरांची थिअरी भर मांडवात सिद्ध करून दाखवली मी. माझं बघून बाकीच्याही उठल्या. एकटी आक्का बसून राहिली, म्हणून नियमाप्रमाणे तीच जिंकली. टाळ्या झाल्या. खुर्चीतला तिचा फोटो काढला. संध्याकाळी मांडववाला टेम्पो भरून सगळ्या खुर्च्या घेऊन गेला.

आठवड्याने तो फोटो फ्रेम करून तिच्या टेबलामागच्या भिंतीवर लावला. वर बसलेली आक्का, खाली उभी आक्का. सरांच्या रिपोर्टात माझंही नाव होतं. सर्वांत आधी पुढाकार घेतला, नेतृत्वाचे गुण आहेत, असं लिहिलेलं. मला टीम लीडर केलं. आणि टीम लीडरला खुर्ची मिळते.

पहिल्याच दिवशी सुपरवायझर चहाला गेल्यावर मी ती आक्कापुढे सरकवली. तिने साडीवरची नजर काढली नाही.

"तुनी शे," ती म्हणाली. "तूच बठ."

दिवाळीला ती गावी गेली ती परत आली नाही. मी बसते. रोज बसते, आणि झोप काही येत नाही.