बाटलीची मागची बाजू

“दिगूचा हात लागलेली गाडी आहे बाप्पा, गळूनच राहीन ते,” बाबा फाटकापाशी शेजारच्या काकांना सांगत होते. दोघं हसले. मी बॉनेटखाली वाकले होते, म्हणून माझा चेहरा कोणाला दिसला नाही. बरं झालं.

त्या रविवारपर्यंत मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

दिगूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. लोधीखेड्याला राहतो, संत्र्याच्या बागांमधले पंप दुरुस्त करतो. सहा वर्षांपूर्वी आमच्या गाडीचा वॉटर पंप त्यानंच बदलला. आणि मग — नाही, थांबा. आधी रविवारचं सांगते. ते सोपं आहे, आणि आनंदाचंही.

गाडीतलं पाणी रोज कमी व्हायचं. सकाळी इंजिन गार असताना मी खाली पुठ्ठा पसरला, पाणी भरलं, गाडी सुरू केली आणि टॉर्च धरून बसले. मामानं बसवलेला पंप कोरडा ठणठणीत. ओल होती त्याच्या मागच्या लोखंडी नळीवर. इंजिन निवल्यावर रबरी पाइप ओढला, तर गंजलेल्या नळीचं तोंडच माझ्या बोटांत आलं, भुग्यासारखं. मला एवढा आनंद झाला की मी एकटीच हसत बसले.

मामाला फोन केला. तो सौसरच्या बाजारातून नवी नळी घेऊनच आला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं आमच्या बॉनेटखाली हात घातला. क्लॅम्प त्यानं मला आवळायला लावला. आतून तांबडं पाणी निघालं — चहासारखं — ते स्वच्छ येईपर्यंत आम्ही धूत राहिलो. आई खिडकीतून म्हणाली, स्वयंपाकघरात कधी एवढी रमली नाही ही.

पण नळी गंजली कशानं?

पंप बदलला तेव्हा मामानं गाडीच्या पाण्यात मिसळायच्या कूलंटची बाटली आणली होती. बाबांनी ती माझ्या हातात दिली. आमच्या घरी इंग्रजी काहीही आलं की माझ्याकडे येतं — बँकेचं पत्र, औषधाचा कागद, मिक्सरचं पुस्तक. इंग्लिश मीडियमची पोरगी ना. मी अकरावीत होते, मला आत जायचं होतं. बाटलीच्या पुढच्या बाजूला ‘अँटीफ्रीझ’ दिसलं. म्हटलं, हे पाणी गोठू नये म्हणून असतं, आमच्या सौसरात कुठे बर्फ पडतो? बाबांनी विचारलं, पूर्ण वाचलं ना? मी हो म्हटलं. मामा सांगत होता की टाकावंच लागते. बाबा म्हणाले, तिनं वाचलं आहे. मामानं बाटली माझ्याकडून घेऊन कोठीत ठेवली. गाडीत बोअरचं पाणी गेलं, आणि पुढेही तेच जात राहिलं.

चार वर्षांनी गळती लागली. तेव्हा मी कोठीतून ती बाटली काढली आणि मागची बाजू वाचली. गंज लागू नये म्हणूनही वापरावे — इतकं स्पष्ट. त्या दिवशी बोलता आलं असतं, नाही का? मी बाटली फिनाइलच्या मागे ठेवून दिली. त्यानंतर प्रत्येक सणाला मामाच्या हातावर विनोद झाले. मामा हसून घ्यायचा आणि आमच्या गाडीपासून लांब राहायचा. मीही हसायचे — हे जास्त वाईट.

दुपारी, या वेळी कूलंट टाकून, आम्ही रामाकोन्यापर्यंत चक्कर मारून आलो. इंजिन गार झाल्यावर पाहिलं, कूलंट टाकीतल्या खुणेवर जसंच्या तसं. पुठ्ठा कोरडा. बाबा इतके खूश की त्यांनी मामाच्या पाठीवर थाप मारली. “या टाइमले बरोबर बसवलं लेका तू.”

“हो भाऊजी,” मामा म्हणाला. तोही खूशच होता.

माझे हात अजून काळेच होते.

“बाबा, मामाचा पंप पहिल्यापासून बरोबर होता. नळी साध्या पाण्यानं गंजली. ते बाटलीच्या मागे लिहून होतं, आणि मी वाचलं नव्हतं. वाचलं म्हणून खोटं सांगितलं. नंतर वाचलं, तरी दोन वर्षं चूप राहिली.”