मुख्वानाच्या नडगीवरचा वण

मुख्वाना ऊस बुडाशी तोडायचा. बुंगोम्याच्या फडात एवढं सांगितलं की माणूस कळतो. बाकीचे वीतभर बुडखा ठेवून कोयता मारतात, त्यात कंबर कमी वाकते. मुख्वानाचा घाव मातीला टेकून पडायचा. पाचट सोलून, वाढं छाटून, मोळी खांद्यावर चढेपर्यंत तो बोलत नसे. बोलायचा ते जेवताना, आणि तेही बहुतेक एकच गोष्ट.

बाप वारला तशी त्याची शाळा सुटली आणि हातात कोयता आला. पहिल्याच हंगामात कोयता निसटून डाव्या नडगीत हाडापर्यंत गेला. ट्रॅक्टर उभा होता, थांबणारा नव्हता. त्यानं पाचटानं पाय आवळला, ट्रॉली भरून दिली आणि मग खाली बसला. फडात पाणी वाटणारी नाफुना धावत आली.

"रडला कसा नाहीस?"

"हात रिकामे नव्हते."

त्याच वर्षी ती त्याच्या घरी नांदायला आली.

ही गोष्ट उमेदवार लुस्वेतीनं ऐकली ती निवडणुकीच्या साली. लुस्वेती वाढला दूर नकुरूला, बापाच्या सरकारी बंगल्यात. जुन्यांना ते ठाऊक होतं, पण जुन्यांना विचारतो कोण? मतं मागायला तो फडात आला, मुख्वानाच्या ताटलीतली मक्याची उगाली मोडून खाल्ली, नडगीवरचा वण बोटानं चाचपला. "हा पाय मी विसरणार नाही, दादा," म्हणाला.

निवडून आला, आणि विसरला नाही. साखरेच्या विधेयकावर चर्चा चालली होती आणि मुकादमाच्या रेडिओवर सगळा फड ऐकत होता.

"सभापती महोदय, ज्यांनी उसाला हात लावला नाही त्यांनी मला उसाचं सांगू नये. माझे वडील वारले. मी कोयता धरला. माझ्या डाव्या नडगीवर आजही वण आहे. पाचट बांधून मी ट्रॉली भरली होती!"

सभागृह पाय आपटून दाद देत होतं. मुख्वाना आधी हसला. "चुकून झालं असेल," तो नाफुनाला म्हणाला. पण पुढं चर्चा रस्त्याची असो, खताची असो, दवाखान्याची असो, लुस्वेती उभा राहिला की नडगी निघायचीच. वर्तमानपत्रांनी त्याला ऊसतोड्यांचा वाघ केलं. विधेयकाचं काय झालं ते कोणी सांगितलं नाही. तोडीची वाट बघत ऊस उभ्या उभ्या वाळत राहिला.

मग एका दुपारी मंडळी बुसा दारूच्या माठाभोवती लांब नळ्या लावून पीत बसली होती. मुख्वानानं आपली गोष्ट काढली. वान्याम्ये नावाचा एक तरणा ऊसतोड्या ओरडला, "ओ काका, ही तर साहेबांची गोष्ट! दारू आमची पिता ती पिता, गोष्ट तरी स्वतःची सांगा की!"

सगळे हसले. मुख्वानानं नळी खाली ठेवली आणि तो घरी आला. त्यानंतर त्यानं ती गोष्ट कुणालाच सांगितली नाही, नातवंडांनाही नाही. जेवताना गप्प बसायचा. नाफुना तेव्हापासून लुस्वेतीचं नाव घेताना थुंकायची.

मुख्वाना मेला तेव्हा लुस्वेतीनं जेवणासाठी बैल आणि बसायला तंबू पाठवला. मातीनंतरच्या कुमुसेला स्वतः येतो असा निरोपही धाडला. कुमुसेला जाणता वक्ता कातडं पांघरून, काठी घेऊन माणसांच्या मधल्या मोकळ्या वाटेवर फिरतो आणि मेलेल्याचं आयुष्य बोलतो. तो बोलत असताना कोणी उठत नाही, वाट ओलांडत नाही. तिथं जे बोललं जातं तेच त्या माणसाचं म्हणून मागं राहतं. जे राहून गेलं, ते गेलंच.

कुमुसेच्या आदल्या दिवशी नाफुनाचा धाकटा दीर वाब्विले आला.

"वहिनी, म्हाताऱ्या वक्त्याला सगळं सांगा. फक्त ती नडगी नको."

"का?"

"साहेब समोर बसणार. तंबू त्यांचा, बैल त्यांचा."

"आणि नडगी कोणाची, भावजी?"

"माझ्या पोराला कारखान्यात लावतो म्हणालेत. एक गोष्ट नाही सांगितली तर दादा काय परत मरणार आहे?"

"तुमच्या दादाला शेवटची अंघोळ तुम्हीच घातलीत ना?"

वाब्विलेनं मान फिरवली आणि तो निघून गेला.

नाफुनानं वक्त्याला, माखानू म्हाताऱ्याला, सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "लुस्वेती समोर असेल, बाई."

"म्हणून तर सांगते."

"बरं. मी तंबूत बोलत नाही. उघड्यावर बोलेन."

सकाळी माणसं दोन्ही अंगांना जमिनीवर बसली. लुस्वेतीला पुढं खुर्ची दिली होती. माखानू चालू लागला. कूळ सांगितलं, बाप सांगितला, सुटलेली शाळा सांगितली. मग म्हणाला, "ह्या पोराचा कोयता निसटला. डावी नडगी. हाड दिसलं. त्यानं पाचट बांधलं..."

बसलेल्यांत कुजबुज झाली. वान्याम्ये शेजाऱ्याला म्हणाला, "अरे, हे तर साहेबांचं..."

लुस्वेती उभा राहिला. सभागृहाची सवय, हातही वर गेला. "हरकतीचा मुद्दा, बाबा!"

बायांनी श्वास आत ओढला. कुमुसेत आजवर कोणी उठलं नव्हतं. माखानूनं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

"मेलेल्याला अंघोळ कोणी घातली?"

नाफुना दिराकडं बघत राहिली. वाब्विलेनं आधी लुस्वेतीच्या बुटांकडं पाहिलं, मग आपल्या हातांकडं.

"मी," तो बसल्या जागेवरून म्हणाला.

"डाव्या नडगीवर हाताला काय लागलं?"

"खाच." त्यानं तर्जनी उचलून दाखवली. "बोट मावेल एवढी. हाडात. लहानपणापासून बघतोय मी ती."

मागून एक म्हातारी म्हणाली, "आता उभेच आहात साहेब, तर पँट वर करा. तुमचीही बघू."

कोणी हसलं नाही. लुस्वेतीला निघून जाता येईना, कारण जायचं तर वाट ओलांडावी लागणार होती. तो खाली बसला. माखानूनं पाचट बांधलं तिथून पुढं उचललं, ट्रॉली भरली, मुख्वानाला खाली बसवलं, आणि "हात रिकामे नव्हते" हेही सांगितलं.

वाब्विलेच्या पोराला कारखान्यात कोणी बोलावलं नाही.

पुढच्या हंगामात वाब्विले नाफुनाच्या अंगणात मक्याचे दाणे काढायला बसला होता. रेडिओ चालू होता. दवाखान्यांवर चर्चा होती.

"सभापती महोदय, गरिबाचं मरण मला माहीत आहे. माझ्या भावाला मी ह्या हातांनी शेवटची अंघोळ घातली. त्याच्या नडगीवर हाडात खाच होती. माझं बोट तिच्यात..."

वाब्विलेच्या हातातलं कणीस पडलं. "वहिनी! ह्यानं पाण्याला हात तरी लावला का? नदीवरून पाणी मी आणलं! मी एकट्यानं!"

"हो."

"अंघोळ मी घातली!"

"आता तुमची पाळी, भावजी. पोराची नोकरी मागताना कळत नव्हतं?"

वाब्विले उठून तडक बुसाच्या माठावर गेला. वान्याम्येनं त्याच्यापुढं नळी सरकवली. "मुख्वानाची नडगी ऐकली आम्ही, काका. पाण्याचं सांगा."

इकडं रेडिओवर सभागृह पाय आपटत होतं. नाफुनानं पडलेलं कणीस उचललं.

"आपटा," ती म्हणाली. "तुमचे पाय धड आहेत."