मल्ली माझीच होती

२०१८ साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो. हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही — बायकोलाही अर्धंच ठाऊक. तुम्हाला सांगतोय. अजून फाटकाची कडी वाजली की आधी खिडकीआडून बघतो, मग मी विचारतो कोण आहे.

तिसरी शिकलो मी. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात जन्म गेला, आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राजपाळयम जातीची कुत्री वाढवली — पांढरीशुभ्र, गुलाबी नाकाची. पार शहरातल्या नुंगंबाक्कमहून लोक पिल्लं न्यायला यायचे. गल्लीत मला वाद्यार म्हणत, म्हणजे मास्तर. तिसरी शिकलेल्याला मास्तर. ते फार गोड लागायचं — खोटं कशाला बोलू?

मग कायदा आला. पिल्लं विकायची तर नाव नोंदवा, वही ठेवा. मादी आठ वर्षांची झाली की पुढे पिल्लं नकोत. जन्मभरात पाच वेतं, बस्स. मी म्हटलं, माझ्या कुत्रीचं वय सरकार मोजणार? मल्ली नऊ वर्षांची होती. बायको म्हणाली, "अहो, तिला आता बसू द्या. उठताना कण्हते ती." ऐकलं का मी? सातवं वेत काढलं. सहा पिल्लं झाली.

पिल्लं आठ दिवसांची होती तेव्हा निरोप आला — उद्या जनावरांचे सरकारी डॉक्टर तपासणीला येणार. सगळी ऐट तिथंच गळाली. कुत्री नेतील? गल्लीदेखत नेतील?

धंद्यातली एक गोष्ट सांगतो. शेडमधल्या दोन माद्या एकाच वेळी माजावर आल्या, तर न व्यालेलीलाही कधीकधी दूध येतं. आम्ही त्याला खोटं दूध म्हणतो. थोडके दिवस टिकतं. माझ्या तीन वर्षांच्या पोन्नीला ते आलं होतं. मी मल्लीच्या अंथरुणाचं पोतं पोन्नीच्या अंगाला चोळलं, पिल्लं तिचीच वाटावीत म्हणून तिच्या पोटाशी लावली. मल्लीच्या गळ्यातला पट्टा काढला आणि तिला न्हाणीत कोंडलं.

डॉक्टर म्हणजे पोरसवदा बाई. तिनं पोन्नीचा सड दाबला, दोन थेंब आले. तिनं लिहून घेतलं. मी श्वास सोडतोय तोवर पिल्लं कुंई कुंई करायला लागली — आणि न्हाणीचं दार हलायला लागलं. मल्ली भुंकली नाही. नुसती ढकलत राहिली. कडी निघाली आणि ती आली, सरळ पिल्लांकडे. दूध जमिनीवर गळत होतं.

"ही कुणाची, ताता?" तिनं विचारलं, आजोबाला हाक मारावी तसं.

"रस्त्यावरची. भाताला येते. व्याली असेल कुठंतरी."

"राजपाळयम, आणि रस्त्यावर?"

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "म्हातारी झाली की सोडून देतात, अम्मा. माणसं वाईट."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. म्हणाली, "तुमची असेल तर आत्ता सांगा. नोंदणी अडकेल, पण कुत्री इथंच राहील. नाहीतर मला भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्याची गाडी बोलवावी लागेल."

एक शब्द पुरे होता. मी मान हलवली — नाही म्हणून.

गाडीत चढवताना मल्ली माझ्याकडे बघून शेपूट हलवत होती. आपण दोघं कुठंतरी निघालोय, असं तिला वाटलं असावं.

पोन्नीचं दूध आठवड्यात आटलं. बाटलीनं पाजून दोन पिल्लं जगली, चार गेली. नोंदणीचा कागद मला मिळाला. पण हे सगळं मागाहून. खरं सांगायचं ते त्याच्या आधीचं आहे, आणि तेच मी आजवर चुकवत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बायकोला न सांगता, मी बस धरून त्या निवाऱ्यावर गेलो. जाळीआड ती कोपऱ्यात पडली होती, सड दगडासारखे तटतटलेले. माझा खोकला ऐकून उठली — कण्हत उठली — आणि जाळीला नाक लावून उभी राहिली.

तिथला राखणदार वडीलधाऱ्याशी बोलावं तसा म्हणाला, "रात्रीपासून तोंड लावलं नाही कशाला. तुमची का, पेरियवर? सही करा, घेऊन जा."

मी म्हणालो, "नाही. मी नुसता बघायला आलो होतो."

आणि परतीची बस धरली.