कलमांवरची जाळी

तिसऱ्या दिवशी दुपारी सुनेच्या संत्र्याच्या कलमांची पानं वाळून हातात चुरायला लागली, आणि त्यांच्यावरची सावलीची हिरवी जाळी दोन दिवसांआधी मीच काढली होती. सून वाफ्यात उकिडवी बसून एकेक पान पाहत होती. रडत नव्हती. रडली असती तर मला काही बोलता आलं असतं.

ती रोपवाटिका तिची एकटीची. जंबेरी लिंबाच्या रोपांवर संत्र्याचे डोळे तिनं स्वतः बांधले होते. महिन्याभरानं लोधीखेड्याचा एक बागायतदार कलमं पाहायला येणार होता. त्यानं घेतली तर रोपवाटिका ठेवायची, नाहीतर मोडून तिनं परत कापूस वेचायला जायचं, असं घरात ठरलं होतं. ठरवणाऱ्यांत मीही होते.

आधी खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडल्या. लगेच घरातले सगळे डॉक्टर झाले. मुलगा म्हणाला, जामसावळीच्या मारुतीला नारळ फोडू. औषधाच्या दुकानदारानं पान न पाहताच ताकदीची बाटली दिली. त्याच्याकडे सगळ्या रोगांना तीच बाटली असते, झाकणाचा रंग तेवढा बदलतो. मी चौथी शिकलेली. पान उन्हात अन्न बनवतं, हे त्या चार वर्षांतलं एवढं एकच माझ्या लक्षात राहिलं. तेवढ्या विद्येवर मी सांगितलं, हिनं झाडं सावलीत कोंडून उपाशी मारली. सून नको म्हणत होती. पावसानं उघाड दिली होती, ऊन कडक होतं. मी जाळी गुंडाळली.

शेवटी सौसरहून शेतकी शिकलेली एक बाई आली. तिनं पानं पाहिली आणि फवारणीचा पंप मागितला. पानं पिवळी पडायच्या आधी त्याच पंपानं मुलानं मक्यात तणनाशक मारलं होतं, आणि मग त्यातूनच कलमांना नेहमीचं टॉनिक. मका ते औषध पचवतो. संत्रा पचवत नाही.

मी विचारलं, मग ऊन दिल्यानं काय बिघडलं?

"आजी, पान उन्हाची ताकद हातोहात पुढं देते, पंगतीत ताटं देतात तशी. हे औषध मधातल्या एकाचा हात धरून बसते. ऊन तं मागून येऊनच राहिलं. पुढं जागा नाही, मग ते पानालेच जाळते. सावलीत कमी जळलं असतं."

"मी पंप धुतला होता," मुलगा म्हणाला.

"तांब्याभर पाण्यानं माणूस तोंड धुते," सून म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अन् आई, तुम्ही शाळेत अजून एक वर्ष बसाले पाहिजे होतं."



महिन्यानं बागायतदार आला. त्यानं आधी मुलाच्या हिरव्यागार मक्याचं कौतुक केलं. मग विहिरीकडच्या टोकाला गेला. तिथली जाळीची गाठ मला सुटली नव्हती, म्हणून तेवढा तुकडा सावलीत राहिला होता. तिथल्या कलमांना नवी पालवी आली होती. ती कलमं त्यानं घेतली, पुढच्या वर्षीचीही सांगून ठेवली. सून कापसाला गेली नाही.

एक्केचाळीस कलमं जगली. बाकी सगळी मेली.