तांब्याचा बिल्ला

माझ्या पहिल्या कादंबरीतलं शहर मंत्रावर चालतं. गिरण्या, दिवे, पाण्याचे पंप, सगळं. मंत्र जळला की मागे राख उरते आणि ती उपसणारी माणसं शहराच्या तळाशी राहतात. ज्याला तांब्याचा बिल्ला मिळेल तो बायकापोरांसह वर राहायला जातो. लोकांनी माझ्या कल्पनाशक्तीचं कौतुक केलं. कसली डोंबलाची कल्पना. माझे बाबा नागपूरबाहेरच्या एका वीजकेंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली राख उपसायचे. कायम कामगारांचं गेट वेगळं, कॅन्टीन वेगळं, हेल्मेटचा रंगसुद्धा वेगळा. त्या केंद्राची वीज जरीपटक्यातल्या आमच्या दोन खोल्यांत यायची आणि उन्हाळ्यात सगळ्यांत आधी आमचीच जायची.

लिहून झालेलं प्रकरण मी दर आठवड्याला त्यांना वाचून दाखवायचे. बाबांची शाळा सातवीत सुटलेली, पण चुका बरोबर पकडायचे. राखेवर पाणी मारणारा माणूस कुठाय, असं त्यांनी विचारलं. कोरडी उपसली तर पहिल्या पाळीतच सगळ्यांचे डोळे जातील. मी माणूस घातला. माझ्या शहरात रविवारची सुट्टी होती, ती त्यांनी काढायला लावली. नायकावर त्यांचा फार जीव जडला होता. कामावरून आले की खोकत खोकत विचारायचे, त्याच्या बिल्ल्याचं काय झालं.

शेवटच्या प्रकरणात बिल्ला मिळायच्या आदल्या दिवशी नायक राखेखाली गाडला जातो. वाचून संपलं तेव्हा बाबांचा चहा तसाच राहिला होता.

"त्याले काहून मारून राहिली वं?" ते म्हणाले. "परमनंट कर न. तुह्याच तर हातात आहे."

मी त्यांना शोकांतिकेवर भाषण दिलं. बिल्ला दिला तर गोष्ट खोटी होईल, वाचकाची फसवणूक होईल, वगैरे. एम.ए.ची सगळी अक्कल मी त्या दिवशी बापापुढे पाजळली. आजही आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

"खरं तं मी रोजच पाहतो," एवढंच म्हणून ते आंघोळीला गेले.

पुस्तक जसंच्या तसं छापलं. शेवटाचं विशेष कौतुक झालं. त्याच वर्षी बाबा साठीचे झाले, ठेकेदाराने गेटपास परत घेतला आणि विषय संपला. कायम करायच्या यादीत त्यांचं नाव कधी आलंच नाही. छातीत राख बसलेली होतीच. पुढचा हिवाळा त्यांनी काढला नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या पाळीतले एक वयस्क कामगार भेटायला आले. सतरंजीच्या कडेला बसले. बाबा माझी गोष्ट त्यांना डब्याच्या सुट्टीत थोडी थोडी सांगायचे म्हणे. सगळे भराभर जेवून बाबांभोवती बसायचे. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"शेवटी भेटला न त्याले बिल्ला," ते म्हणाले. "बायकोले घेऊन वर राहाले गेला. त्या दिवशी आम्ही सारेच खुश होतो, बाई."

मी मान हलवली. निघताना त्यांनी पुस्तकाची एक प्रत मागितली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण नात वाचून दाखवणार होती. आतल्या कपाटात वीसेक प्रती पडून होत्या.

मी म्हणाले, सगळ्या संपल्या.